एक उटणे, अनेक अंगे

अमरावती जिल्ह्याचा नकाशा समोर पसरला असता त्याच्या ईशान्य कोपऱ्यात वरूड आणि मोर्शी हे दोन तालुके संत्र्यांच्या बागांनी व्यापलेले आढळतात, आणि वायव्येस, चिखलदरा व धारणी या तालुक्यांत, गाविलगडच्या डोंगररांगांवर मेळघाटचे जे अरण्य पसरले आहे त्याच्या कोरड्या, खडकाळ माथ्यांवर सालईची झाडे आपली कागदासारखी सुटणारी साल अंगावर वागवीत उभी असतात. एक झाड जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून, ओलीत करून, आंबिया आणि मृग या दोन बहारांच्या हिशेबाने माणसाने वाढविलेले. दुसरे कोणी न लावता खडकाच्या फटीतून उगवलेले. संत्र्याच्या सालीत तेल आहे आणि सालईच्या खोडात धुपाची राळ आहे. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या दप्तरात नोंदलेल्या या दोन द्रव्यांची जोडी युरोपातील अत्तरकारांनी फार पूर्वीच जमविली असून, मिलानच्या एत्रो या पेढीचे 'मेस द मिन्वी' हे नाताळच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेचे नाव घेतलेले अत्तर तिचे एक ख्यातनाम उदाहरण आहे. आपल्याकडे ही जोडी कुपीत भरण्याची तसदी कोणी फारशी घेतली नाही, परंतु आश्विन-कार्तिकात आंबिया बहाराची फळे बाजारात उतरू लागतात त्याच सुमारास घरोघरी लक्ष्मीपूजनाचा ऊदधूप पेटतो, आणि वऱ्हाडातल्या दिवाळीला हा संयोग आयताच लाभतो. वरूड-मोर्शीच्या या फळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते 'नागपूर संत्रा' या नावाने, आणि त्यात वऱ्हाडावर थोडा अन्यायच झाला, असे माझे मत जाता जाता नोंदवून ठेवतो.

प्रश्न आहे तो या जोडीचे माणसाच्या अंगावर काय होते हा. अत्तराच्या पेढीवर घटकाभर बसणाऱ्या कोणासही ऐकू येणारी तक्रार एकच असते, आणि ती अस्सल वऱ्हाडी सुरात येते: "ह्याच्या अंगाले दिवसभर टिकते, माह्या अंगाले काहून टिकत नाही बाप्पा?" त्यावर पेढीवाल्याचे ठरलेले उत्तर असे की, ज्याची त्याची तासीर! हे उत्तर ग्राहकाला मान्य होते, कारण त्यात त्याच्या व्यक्तित्वाचा काही गौरव आहे, आणि विक्रेत्याला सोयीचे असते, कारण त्यात मालाचा दोष कोठेच निघत नाही. ते अगदी खोटे नाही. पण त्याला जितके खरे मानले जाते तितके ते खरे नाही, आणि यातले खरे कुठवर व खोटे कोठून, याचा तपास करण्यासाठी नरकचतुर्दशीच्या पहाटेहून अधिक चांगला प्रसंग मला तरी ठाऊक नाही.

त्या पहाटे एका घरातली आजी, मुलगा, सून, नातवंडे ही सारी एकाच वाडग्यातले उटणे लावतात. कचोरा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद, चंदन, गुलाबाच्या पाकळ्या आणि वाळवून दळलेली संत्र्याची साल अशा द्रव्यांचे ते चूर्ण. त्याच्या आधी सर्वांच्या अंगाला एकच सुगंधी तेल. आणि जुन्या घरांत न्हाल्यावर ओले केस शेगडीवरच्या धुपाने सुकविण्याची चाल. द्रव्य तेच, पाणी तेच, घटका तीच. आणि तरीही दुपारी फराळाला बसल्यावर आजीच्या अंगाचा वास नातवाच्या अंगाच्या वासासारखा नसतो. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडावी अशी ही चाचणी शेकडो वर्षे दरसाल घरोघरी होत आली आहे, फक्त तिचे टिपण कोणी ठेवले नाही.

सुगंधाचे टिपण ठेवण्याचा वारसा मराठीला नाही असे मात्र नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी हस्तलिखितांच्या गठ्ठ्यांतून गंगाधराचा 'गंधसार' आणि त्याच्याबरोबरचा, कर्त्याचे नाव हरवलेला 'गंधवाद' हे दोन ग्रंथ अभ्यासकांच्या नजरेस आणले, आणि त्यांतल्या 'गंधवादा'वर चक्क मराठी टीका आहे. बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने १९८९ साली ते दोन्ही संपादून प्रसिद्ध केले. अकबराच्या दरबारचा अबुल फजल तर 'आईने-अकबरी'त खुशबूखान्याला स्वतंत्र प्रकरण देतो, आणि त्याच ग्रंथात पुढे वऱ्हाड सुभ्याचा, नरनाळ्याचा आणि गाविलगडचा महसूल मोजतो. दोन्ही विषय एकाच लेखणीखाली आले, पण त्यांची गाठ पडली नाही. वऱ्हाडातून कापूस आणि वसूल गेला, सुगंध बहुधा बाहेरूनच आला. आजही इथला अत्तरवाला कनौजचे नाव घेतल्याशिवाय बाटलीचे बूच काढत नाही.

आता द्रव्यांकडे वळू. संत्र्याची साल बोटांत दाबली की जी बारीक फवार उडते, तिच्यात ९० टक्क्यांच्या आसपास लिमोनीन नावाचा एकच पदार्थ असतो. तो अतिशय चंचल आहे. अंगावर पडल्यावर पहिली काही मिनिटे तो दरवळतो आणि तासाभरात त्याचा मागमूस उरत नाही. आणि या बाबतीत तो गरीब-श्रीमंत, वृद्ध-तरुण असा भेद जवळजवळ करीत नाही. सालईची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. तिच्या राळेतून ऊर्ध्वपातनाने जे तेल निघते, त्याचा मोठा भाग अल्फा-थुजीन या पदार्थाचा असतो, आणि लिमोनीन व थुजीन या दोहोंच्या रेणूंत दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजन, म्हणजे तेच अणू तितकेच, केवळ निराळ्या मांडणीने बसलेले! वरूडचे बागायती फळ आणि मेळघाटचे रानटी झाड यांचे रासायनिक गोत्र असे एक निघते. सालईच्या तेलाला प्रारंभी मिरीसारखा, किंचित लिंबासारखा जो तीक्ष्ण झोत असतो तो या नात्यामुळेच. आणि म्हणून या दोन गंधांचा सांधा अंगावर कोठे जुळला हे कळतही नाही. परंतु राळेत याखेरीज जड रेणूही असतात. लिमोनीनचा रेणूभार १३६, तर सालईतल्या सेराटॉलचा २९०. हा दुसरा वर्ग अंगाला धरून राहतो, मंदपणे सुटतो, आणि माणसामाणसांतला भेद दिसू लागतो तो त्याच्याच अमलात. संत्र्याचा आरंभ सर्वांना सारखा. धुपाची अखेर मात्र ज्याची त्याची. अत्तरवाल्याच्या 'तासीर' या शब्दाला जो काही आधार आहे तो या उत्तरार्धात आहे, आणि गिऱ्हाईक तर बूच काढल्या काढल्या, पूर्वार्धावरच भाव ठरवून मोकळे होते.

सालईची राळ काढण्याची रीत अशी की, खोडावरची साल तासून जखम करतात, तीतून पाझरलेला चिकट स्राव गोळा करतात आणि तो बांबूच्या टोपलीत महिनाभर ठेवून देतात. पातळ रस निथळून जातो, उरतो तो धुपाच्या कामी येणारा भाग. आयुर्वेदाने हिलाच शल्लकी म्हणून औषधात घेतले. मेळघाटात १९७४ साली व्याघ्रप्रकल्प झाल्यापासून त्याच्या गाभ्यातल्या झाडाला पात्याचा स्पर्शही निषिद्ध आहे, आणि तो तसाच असावा, कारण बेसुमार तासल्याने हे झाड वाळते. या झाडाच्या नशिबी आणखी एक चमत्कारिक अध्याय येऊन गेला. मेळघाटाच्या पलीकडे, खांडव्याच्या रेल्वेमार्गावर नेपानगरला देशाचा वृत्तपत्री कागदाचा कारखाना उभा राहिला, त्याचे लोकार्पण पंडित नेहरूंच्या हस्ते १९५६ साली झाले, आणि त्या कागदाचा लगदा होई तो बांबूचा आणि सालईच्या लाकडाचा. ज्या झाडाचा धूर देवापुढे जावा त्याच्या अंगावर निवडणुकांचे निकाल आणि बाजारभाव छापले गेले! एका अर्थी तेही लोकांपुढे धूप करणेच होते.

लिंबूवर्गीय सुगंधाशी मराठी मध्यमवर्गाची खरी ओळख मात्र बागेतून झाली नाही, ती आजारपणातून झाली. योहान मारिया फरिना नावाच्या इटालियन अत्तरकाराच्या घराण्याने कोलोन शहरी १७०९ साली पेढी थाटली, आणि लिंबू, संत्रे, बर्गमोट यांच्या अर्कांचे जे पाणी जगभर गेले ते फिरत फिरत आपल्याकडे 'युडीकोलन' होऊन तापकऱ्याच्या उशाशी आले. १०३ ताप असलेल्या कपाळावर ठेवलेली ती घडी हा अंगागणिक सुगंधाच्या भेदाचा सर्वांत ढोबळ पुरावा होय: रोग्याच्या कपाळावर तिचा वास क्षणात उठून क्षणात नाहीसा होई, आणि तेच पाणी घडी बदलणाऱ्या आईच्या गार बोटांना मात्र कितीतरी वेळ येत राही. उष्ण त्वचेवरून चंचल द्रव्य लवकर उडते, यापलीकडे त्यात गूढ काही नाही. परंतु या एका नियमाचे परिणाम वऱ्हाडासारख्या मुलखात दूरवर जातात. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे चढतो, आणि अशा दुपारी लावलेले लिंबाचे अत्तर घराच्या उंबऱ्यापर्यंतही सोबत करीत नाही. पौषातल्या थंडीत तेच अत्तर कचेरीत पोचेपर्यंत तग धरते. एकच माणूस वैशाखात एक आणि पौषात दुसरा होतो. मग आपल्याला 'टिकत नाही' असे म्हणणाऱ्याने आपल्या तासिरीला बोल लावण्यापूर्वी पंचांग पाहिलेले बरे.

दुसरे कारण स्निग्धतेचे. त्वचेतील सूक्ष्म ग्रंथी जे तेल स्रवतात ते वयात येताना उफाळते आणि उतारवयात आटते, आणि हे तेल सुगंधाला, विशेषतः धुपाच्या जड अंशाला, धरून ठेवते. म्हणून सोळा वर्षांच्या नातवाच्या मानेवर दुपारी जो ऊद असतो तो आजीच्या सुरकुतलेल्या मनगटावर सकाळीच निरोप घेऊन गेलेला असतो. तळहाताला तर या ग्रंथी मुळीच नाहीत. अत्तर हाताच्या पाठीला लावण्याचा जुना रिवाज निव्वळ शिष्टाचाराचा नव्हता, असे यावरून म्हणता येते. अभ्यंगाचे मर्मही इथेच आहे. उटण्याआधी तेल चोपडण्याचा शास्त्राधार लोक बहुतेक आरोग्यात शोधतात, पण सुगंधाच्या दृष्टीने पाहिले तर त्या तेलाने आजीच्या रुक्ष त्वचेला नातवाच्या त्वचेची थोडी बरोबरी साधून दिलेली असते, आणि दिवाळीच्या दिवशी घरातल्या साऱ्या अंगांमधला भेद इतर दिवसांपेक्षा कमीच भरतो. कनौजी अत्तरे चंदनतेलावर धरली जातात आणि परदेशी द्रव्ये मद्यार्कात, त्यामुळे कोरड्या त्वचेच्या माणसाला पहिली अधिक मानवतात, हा अनुभव या हिशेबात अगदी बसतो.

याखेरीज प्रत्येक अंगाला स्वतःचा गंध असतोच. घाम मुळात जवळजवळ निर्गंध; त्वचेवरचे सूक्ष्म जंतू त्याचे विघटन करतात आणि मग वास येतो, आणि हे जंतूंचे बिऱ्हाड माणसागणिक निराळे. त्यात आहार भर घालतो. मेथीतला सोटोलोन हा पदार्थ खाल्ल्यानंतर घामावाटे बाहेर पडतो, आणि म्हणूनच मेथीचे लाडू खाणाऱ्या बाळंतिणीच्या अंगाला एक गोडसर, काकवीसारखा वास असतो. त्यावर शेकशेगडीच्या वेळी ओवा आणि उदाची धुरी बसली की जे रसायन तयार होते ते कोणत्याही अत्तरकाराला कुपीत उतरवता आलेले नाही. त्याच उदाची धुरी श्रावणात अकोल्याच्या राजराजेश्वराला कावड घेऊन येणाऱ्या तरुणांच्या अंगावरही बसते. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी खांद्यावर वाहून आणताना रात्रभर घामाने आणि पावसाने भिजलेल्या त्या अंगांवर तो ऊद उग्र, कडवट, जवळजवळ लढाऊ वाटतो. धूप बदललेला नसतो. त्याच्याखालची भूमी बदललेली असते.

त्वचेच्या आम्लतेमुळे अत्तर 'फिरते' असे एक स्पष्टीकरण हल्ली सुशिक्षितांच्या तोंडी फार आहे. निरोगी त्वचा सगळ्यांचीच सौम्य आम्लधर्मी असते, आणि अंगावरच्या चार-सहा तासांत त्या सौम्य आम्लाने लिमोनीनचे किंवा राळेचे स्वरूप पालटावे हे मला पटत नाही. उष्णता, तेल, ओल आणि स्वतःचा गंध एवढ्या चार साक्षीदारांवर खटला निकालात निघत असताना हा पाचवा साक्षीदार कोणी उभा केला, कोण जाणे.

त्वचेचा काहीच हात नसलेली एक कसोटी वऱ्हाडाच्या घरातलीच आहे, ती म्हणजे कापूस. अत्तरात बुडवून कानाच्या चापात ठेवलेला फाया, किंवा उपरण्याच्या काठाला लावलेले बोट, यांना ना घाम ना तेल ना ताप. त्यामुळे तेथे सुगंध कुपीतल्या क्रमानेच, पण संथपणे उलगडतो, आणि अंगावरचे अत्तर संपले तरी दुसऱ्या दिवशी उपरण्याला धूप येतच असतो. जाणती माणसे म्हणूनच अत्तर वस्त्राला आणि अंगाला निरनिराळे लावीत. गुरुवारी दुकानांपुढून लोबानाची धुपाटणी फिरवीत जाणाऱ्या फकिराच्या धुराने कापडाच्या पेढीवरचे ठाण जसे वासाने भरते तसे गादीवरच्या मालकाचे अंग भरत नाही, हे कापडवाल्यांना न सांगताही माहीत असते.

इथवर लावणाऱ्याचा विचार झाला. हुंगणाऱ्याचा राहिला, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक भेद तिकडेच आहे. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली गंधग्राहकांची जनुके उजेडात आणली आणि २००४ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या नाकात अशी सुमारे ४०० प्रकारची ग्राहके कार्यरत असतात. आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार कोणत्याही दोन माणसांत त्यांपैकी सरासरी ३० टक्क्यांहून अधिक ग्राहकांच्या कार्यात फरक आढळतो. म्हणजे नवरा-बायको एकाच मनगटाला नाक लावतात तेव्हा ते दोघे एकच वास घेतात अशी खात्री मुळातच देता येत नाही. धुपाच्या बाबतीत तर हे अंश फार सूक्ष्म असतात: ख्रिस्ती मंदिरांत जळणाऱ्या उदाला जो विशिष्ट 'मंदिराचा' वास आहे तो ज्या आम्लांमुळे येतो, ती राळेत लेशमात्र असल्याने हजारो वर्षे वापरातल्या त्या द्रव्यात त्यांचा शोध फ्रान्समधील नीस येथील रसायनज्ञांना लागला तो थेट २०१६ साली.

नाकामागे स्मृती आहे. वरूडकडे संत्र्याच्या तोडणीवर दिवसभर राबलेल्या माणसाची बोटे सालीच्या तेलाने इतकी माखतात की संध्याकाळी त्याच्या हातावर कोणतेही लिंबूवर्गीय अत्तर लावले तरी त्याला स्वतःला ते जाणवत नाही, कारण नाक सतत येणाऱ्या वासाची दखल घेणे सोडून देते. त्याला त्यात उरतो तो केवळ धूप. अमरावतीच्या अंबादेवीच्या गाभाऱ्यात नित्य वावरणाऱ्या पुजाऱ्याचे नेमके उलट: त्याच्या वस्त्रांत ऊद मुरलेला, म्हणून त्याला त्याच अत्तरात संत्रेच तेवढे ताजे वाटते. एकच कुपी, आणि एकाला ती देवळाची तर दुसऱ्याला बागेची! अचलपूरच्या दुल्हा रहमान शाह दर्ग्यावर दर गुरुवारी जाणाऱ्याला तिच्यात लोबान सापडेल, जिच्या घरी नुकतेच बाळंतपण झाले तिला शेगडी सापडेल, आणि इस्पितळात कोणाला भेटायला जाताना पिशवीत संत्री नेणाऱ्या आपणा सर्वांना तिच्यात थोडेसे आजारपणही सापडेल.

आणि तरीही 'मला शोभते' या भावनेत तथ्य आहे. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील यान हावलीचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, माणसाने स्वतः निवडलेले अत्तर त्याच्या अंगगंधात मिसळल्यावर, दुसऱ्याने त्याला नेमून दिलेल्या अत्तरापेक्षा हुंगणाऱ्यांना अधिक सुखद वाटते. आपल्या अंगाचा गंध आपल्याला सांगता येत नाही, पण त्याला काय साजेल हे आपले नाक नकळत ठरवीत असावे. यामुळे लग्नात वऱ्हाडी मंडळींच्या हाताला सरसकट एकच अत्तर लावण्याची आपली प्रथा आतिथ्य म्हणून कितीही गोड असली, तरी सुगंधाच्या दृष्टीने ती शिधापत्रिकेवरच्या वाटपासारखी आहे.

एक सावधगिरी सांगणे कर्तव्य आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना १९६९ साली झाली, आणि कागदी लिंबाच्या ज्या सुधारित जाती त्याने प्रसृत केल्या त्यांनी त्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कपाशीखेरीज दुसरा आधार दिला. परंतु लिंबाच्या सालीत असे काही पदार्थ असतात की ते त्वचेवर असताना ऊन लागले तर तेथे भाजल्यासारखे काळे डाग पडतात. बर्गमोटचीही तीच तऱ्हा. त्यामुळे घरी पिळलेल्या लिंबा-संत्र्याच्या सालीचे पाणी अत्तर म्हणून मानेला चोळून वऱ्हाडातल्या उन्हात निघणे हा शहाणपणा नव्हे. तसेच संत्र्याचे तेल हवेत राहून जुने झाले की त्याची घटक-द्रव्ये त्वचेला खाज आणतात. तेव्हा आजोबांच्या कपाटातली, तळाशी चार थेंब राहिलेली कुपी भक्तिभावाने जपावी, लावू नये.

राहिला खरेदीचा प्रश्न. पेढीवाला कागदाच्या पट्टीवर थेंब देतो तो संत्र्यापुरता खरा. धूप आपल्या अंगावर कसा वागतो हे पाहायचे तर थेंब हाताच्या पाठीवर घेऊन अमरावतीच्या जवाहर गेटमधून बाहेर पडावे, बाजारात भाजी घ्यावी, एखाद्या ओळखीच्या दारी चहा घ्यावा, दीड-दोन तासांनी तेथे परत यावे, आणि बरोबर असलेल्या दुसऱ्या कोणाला तरी तो हात हुंगायला लावावा. दिवाळीच्या गर्दीत असा वेळ ना दुकानदाराला असतो ना आपल्याला, म्हणून या जातीचे अत्तर तुळशीचे लग्न लागून गेल्यावर घ्यावे. तोवर हवा थंडावलेली असते, पेढीवाला जांभया देत बसलेला असतो, आणि आंबिया बहाराची संत्रीही बाजारात रग्गड आलेली असतात.